अगत्ती ते पोर्ट ब्लेअर ३ तास १८ मिनिटं: अशी फ्लाइट खरंच आहे का?

मुलुंडकर_मध्या

नमस्कार मंडळी, प्रश्न छोटा आहे पण मागचं थोडं सांगावं लागेल. फेब्रुवारीत आईबाबांना घेऊन बेटं बघायला जायचं चाललंय. बाबांना लक्षद्वीप हवंय, आईला अंदमान (सेल्युलर जेल बघायची तिची फार वर्षांची इच्छा आहे) आणि दोघांपैकी कोणीही माघार घ्यायला तयार नाही, त्यामुळे मी म्हटलं होऊन जाऊ दे दोन्ही एका दमात, नाहीतरी आमच्या ऑफिसात मोठी रजा म्हणजे वर्षातून एकदाच मिळते.

आता नेटवर त्या दोन एअरपोर्टमधलं अंतर सांगणाऱ्या साइट असतात ना, त्यातल्या एकीवर अगत्ती (लक्षद्वीपचा विमानतळ) आणि पोर्ट ब्लेअर (अंदमानचा) टाकून बघितलं. आलं २२४३ किलोमीटर आणि फ्लाइट टाइम ३ तास १८ मिनिटं. एकदम खूश! म्हटलं सकाळी निघून जेवायला अंदमानात. पण बुकिंगच्या ॲपवर तेच टाकलं तर एका ठिकाणी दोन स्टॉप आणि चेन्नईत रात्रभर मुक्काम, दुसऱ्या ठिकाणी सरळ "फ्लाइट उपलब्ध नाही". मग ते ३ तास १८ मिनिटं आलं कुठून? ही चार्टर वगैरे असते का, की फक्त सीझनला चालते? मिसेसचं म्हणणं असं की कोणी मिनिटापर्यंत आकडा देतंय म्हणजे फ्लाइट असणारच, मलाच शोधता येत नाहीये. कोणी जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा, घरी इज्जतीचा प्रश्न झालाय.

पार्ल्याचा_विमानवेडा

वहिनींना सांगा, फ्लाइट नाहीये. शोधणाऱ्याचा दोष नाही.

त्या साइट कुठलंही टाइमटेबल बघत नाहीत. त्यांच्याकडे फक्त प्रत्येक एअरपोर्टचे अक्षांश-रेखांश असतात. अगत्ती साधारण १०.८ उत्तर, ७२.२ पूर्व आणि पोर्ट ब्लेअर ११.६ उत्तर, ९२.७ पूर्व. पृथ्वी गोल धरून दोघांमधलं सगळ्यात जवळचं अंतर काढायचं की झालं, तुमचे २२४३ किलोमीटर आले. हा आकडा बरोबर आहे, त्यात खोट काही नाही. नॉटिकल मैलात म्हणाल तर १२११.

गंमत वेळेची आहे. तुम्हीच भागाकार करून बघा. २२४३ भागिले ८००, म्हणजे २ तास ४८ मिनिटं, त्यात टेकऑफ-लँडिंगचे म्हणून सरसकट ३० मिनिटं मिळवा. किती झाले? ३ तास १८ मिनिटं! एवढंच आहे ते. ८०० किमीचा स्पीड म्हणजे जेट विमान धरलंय, आणि ते जेट तिथे उतरू शकतं की नाही हे त्या साइटला कोणी विचारलेलंच नाही. तुम्ही दोन कुठलीही ठिकाणं टाका, नॉर्थ पोलजवळचं एक आणि पॅसिफिकमधलं एक, ती तितक्याच आत्मविश्वासाने मिनिटासकट उत्तर देईल.

वर्सोव्याच्या जेट्टीवर उभं राहिलं की मढ कसं समोर दिसतं, हाक मारली तर ऐकू जाईल असं, पण बोट बंद असली तर रिक्षाने पूर्ण मालाड-मार्वे करून जावं लागतं. साइट तुम्हाला वर्सोवा-मढ सांगते, तिकीट काढायला जाल तेव्हा मालाड लागतं.

भाऊचा_धक्का

बोटीने जा की राव सरळ, समुद्र तर एकच आहे ना 😄

पार्ल्याचा_विमानवेडा

@भाऊचा_धक्का मध्ये केरळ आणि तामिळनाडू आहे मालक, बोट काय कोइम्बतूरवरून नेणार?

(मस्करी नाही, ती सरळ रेषा खरंच तिथूनच जाते. कालिकतच्या थोडं खाली किनाऱ्याला लागते, जवळजवळ कोइम्बतूरच्या डोक्यावरून जाते आणि चिदंबरमच्या जरा दक्षिणेला परत समुद्रात उतरते.)

जुहूतारा

जेट का जात नाही ते सांगतो, कारण हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

अगत्ती बेट साडेसात किलोमीटर लांब आणि जिथे सगळ्यात रुंद तिथेही जेमतेम किलोमीटरभर. धावपट्टी बेटाच्या दक्षिण टोकाला, जिथे जमीन अजून चिंचोळी होते. लांबी बाराशे मीटरच्या आसपास. आता हे किती कमी आहे ते मुंबईकरांना लगेच कळेल, आपल्या जुहूच्या विमानतळाची धावपट्टी ११४३ मीटर आहे, जिथे आता मुख्यतः हेलिकॉप्टरंच दिसतात. अगत्तीची त्याच्यापेक्षा थोडीशीच मोठी. भरलेल्या ए३२० ला, म्हणजे नेहमीच्या प्रवासी जेटला, आरामात उडायला साधारण दोन किलोमीटर हवेत. १९७२ साली जपानचं एक डीसी-८ जेट सांताक्रूझचा मोठा विमानतळ समजून चुकून जुहूला उतरलं होतं, धावपट्टी संपली तरी विमान थांबेना आणि पुढे जाऊन आदळलं. जीव कोणाचा गेला नाही पण विमान कामातून गेलं. आमच्या एरियातले म्हातारे लोक अजून सांगतात ती गोष्ट. तर अगत्तीला पुढे मोकळी जागाही नाही, डायरेक्ट पाणी.

म्हणून तिथे एटीआर ७२ जातं, पंख्याचं. सुरुवातीला, म्हणजे १९८८ च्या सुमाराला, वायुदूत कंपनीची छोटी डॉर्नियर विमानं जायची. एटीआरलाही एवढ्याशा धावपट्टीवर पूर्ण वजन घेऊन उडता येत नाही, काही सीट रिकाम्या सोडाव्या लागतात. आणि एटीआरचा स्पीड ताशी ५०० च्या आसपास, पूर्ण प्रवासी घेतले तर पल्ला साधारण १५०० किलोमीटर. म्हणजे समजा कोणी हौसेने ठरवलंच अगत्तीहून एटीआरने सरळ पोर्ट ब्लेअर, तर साडेचार तास तर लागतीलच पण मुळात तेलच पुरणार नाही, बंगालच्या उपसागराच्या मध्यावर काटा शून्यावर. शिवाय नुसतं पोचण्यापुरतं तेल घेऊन चालत नाही, खाली हवा खराब असली तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जायचं तेल वेगळं लागतं, आणि पोर्ट ब्लेअरहून दुसरा विमानतळ म्हणजे काय हाकेच्या अंतरावर नाहीये.

उलट पोर्ट ब्लेअरची धावपट्टी सव्वातीन किलोमीटरची, तिथे मोठं जेट मजेत उतरतं. म्हणजे एका टोकाला जेट चालतं, दुसऱ्या टोकाला नाही. दोन लांबच्या एअरपोर्टमधली थेट फ्लाइट दोघांपैकी जो लहान त्याच्यावरच ठरते.

घाटकोपर_एक्सप्रेस

पण प्रायव्हेट? माझ्या मित्राचे एक क्लायंट आहेत, ते कुठेही चार्टरने जातात. एवढ्या लहान धावपट्टीवर छोटं जेट जात असेल ना.

जुहूतारा

@घाटकोपर_एक्सप्रेस छोट्या जेटचं मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण पिलाटस पीसी-१२ सारखं एक इंजिनचं टर्बोप्रॉप (पंख्याचं विमान) कागदावर हे करू शकतं. त्याला बाराशे मीटर पुष्कळ झाले, पल्ला तीन हजार किलोमीटरच्या वर आहे. साडेचार तास धरा. मध्याने त्याचं भाडं विचारून बघावं आणि मग बाबांना सांगावं, लक्षद्वीप-अंदमान वाद जागेवर मिटेल, दोघंही माथेरानला तयार होतील.

चाळीतली_मावशी

मध्या, आम्ही अगत्तीला जाऊन आलोय म्हणून लिहिते, बाकी हे मीटर-किलोमीटर मला कळत नाही.

कोचीहून विमान होतं. लहान, दोन्हीकडे पंखे, चढायला चार पायऱ्या. ह्यांनी खिडकी धरली होती पण नेमका पंख्याच्या शेजारी नंबर आला आणि आवाजाने बिचाऱ्यांना काही ऐकू येईना, मी बोलतेय आणि हे नुसते मान हलवतायत. सव्वा तासानंतर खाली निळं पाणी एकदम हिरवं झालं, मग त्यात पांढरी रेघ, ती म्हणजे प्रवाळाची कड, लाटा तिथेच फुटतात, आतलं पाणी शांत. आणि मग विमान खाली खाली जायला लागलं तरी जमीन दिसेच ना! दोन्ही खिडक्यांतून पाणीच. मागची एक बाई मोठ्याने रामरक्षा म्हणायला लागली. धप्पकन टेकलं, करकचून ब्रेक, वळलं आणि उभं. पाच मिनिटांत सगळे खाली, सामान हातगाडीवरून आलं.

आता कामाचं. लक्षद्वीपला परमिट लागतं, आपण भारतीय असलो तरी. आम्ही गेलो तेव्हा त्यात पोलीस क्लिअरन्ससुद्धा होता, त्यासाठी आपल्याच पोलीस स्टेशनला खेपा घातल्या. तुझ्या आईबाबांचं वय बघता ते आधी सुरू कर, तिकीट मागून. टूर पॅकेज घेतलंस तर तिथल्या सरकारी पर्यटन संस्थेची, स्पोर्ट्स नावाची आहे, पॅकेजं असतात, परमिटचं तेच बघतात. अंदमानला नेहमीच्या बेटांवर आपल्याला परमिट लागत नाही.

आणि आईला बोटीत उलटी होत असेल तर बंगारामला (अगत्तीजवळचं बेट) जाताना गोळी आधी दे. नंतर देऊन उपयोग नाही.

मुलुंडकर_मध्या

बाप रे, केवढी माहिती! मावशी, रामरक्षेवर आमची आई खूश झाली, म्हणाली मग मी जाणारच. मिसेसना भागाकार करून दाखवला, त्यांनी तो स्वतः मोबाइलवर परत केला आणि गप्प बसल्या.

म्हणजे आता कोची, चेन्नई असं फिरून जायचं तर अंतर किती वाढेल? मला वाटतं डबल होईल. आणि त्या साइटवर मी उलटं टाकून बघितलं, पोर्ट ब्लेअर ते अगत्ती, तर तेवढाच वेळ दाखवते. म्हणजे आधी अंदमान करून मग लक्षद्वीप केलं तर काही फरक नाही ना?

वारा_वाहतो_कसा

फरक आहे. तुमच्या बाबतीत थोडा, पण आहे.

साइटला वारा माहीत नसतो. हिवाळ्यात मुंबई-कोलकाता आणि परतीचं टाइमिंग शेजारी ठेवून बघा, जाताना कमी आणि येताना जास्त दिसेल. उत्तर भारतावर तेव्हा उंचावर पश्चिमेकडून जोरदार वाऱ्याचा झोत असतो, पूर्वेला जाणाऱ्याला मागून ढकलतो आणि येणाऱ्याला तोंडावर आडवा येतो.

पण तुमची रेषा ११ अक्षांशावर, पार दक्षिणेत. फेब्रुवारीत तिथे वरचा वारा फारसा जोरात नसतो, त्यामुळे जायचं-यायचं जवळपास सारखंच पडेल. पावसाळ्यात मात्र उलटा खेळ. जून ते सप्टेंबर दक्षिण भारतावर खूप उंचावर पूर्वेकडून झोत वाहतो, चेन्नईच्याच पट्ट्यात त्याचा जोर असतो. म्हणजे त्या दिवसांत चेन्नईहून अंदमानला जाणारं विमान वाऱ्याच्या तोंडावर. तसंही पावसाळ्यात लक्षद्वीपला पर्यटन जवळजवळ बंदच असतं आणि अंदमानात तर धो धो पडतो, तेव्हा फेब्रुवारी निवडलात ते उत्तम. नोव्हेंबर-डिसेंबर पण टाळावा असं माझं मत, तेव्हा चेन्नईचा स्वतःचा पाऊस असतो आणि तुमचं सगळं कनेक्शन चेन्नईवर टांगलेलं.

ठाणे_लोकल_उभा

मी सरळ गणित मांडलं, कारण मला पण वाटलं होतं डबल होईल.

अगत्ती-कोची सुमारे ४६५ किमी. कोची-चेन्नई ५२० च्या आसपास. चेन्नई-पोर्ट ब्लेअर १३७० च्या आसपास. बेरीज २३५५. आणि सरळ रेषा २२४३. फरक फक्त शंभर-सव्वाशे किलोमीटर! म्हणजे मुंबईहून पुण्याला जाण्यापेक्षाही कमी. वरती विमानवेडा यांनी मढचं उदाहरण दिलं ते ऐकायला झकास आहे पण इथे लागू पडत नाही, कारण कोची आणि चेन्नई दोन्ही त्या रेषेच्या अगदी जवळच आहेत, एक जरा खाली, एक जरा वर. तुम्हाला वळसा असा पडतच नाही.

हवेतला वेळ पण बघा. एटीआरने कोची सव्वा ते दीड तास, तिथून चेन्नई सव्वा तास, तिथून पोर्ट ब्लेअर सव्वादोन तास. झाले पाच तास फार तर. म्हणजे साइटच्या आकड्यापेक्षा दीड-पावणेदोन तास जास्त. मग दीड दिवस कुठे जातो? जमिनीवर. पोर्ट ब्लेअरचा विमानतळ नौदलाच्या तळावर आहे आणि प्रवासी फ्लाइट बहुतेक सकाळपासून दुपारपर्यंतच्या. म्हणजे तुम्हाला चेन्नईहून सकाळी लवकर निघायला लागणार, आणि अगत्तीहून त्याच दिवशी निघून ती सकाळ गाठणं शक्य नाही. रात्र चेन्नईत जाणारच. ॲप तुम्हाला छळायला मुक्काम दाखवत नाहीये.

जुहूतारा

@ठाणे_लोकल_उभा अगदी बरोबर, हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. त्यात अजून एक, दोन्ही ठिकाणी घड्याळ तेच, पण सूर्य वेगळा. रेखांशात साडेवीस अंशांचा फरक म्हणजे जवळपास ८२ मिनिटं. फेब्रुवारीत अगत्तीला सूर्य पावणेसातच्या सुमाराला मावळतो आणि पोर्ट ब्लेअरला साडेपाचलाच. त्यामुळे अंदमानात दुपारी दोनला पोचलात तर "अजून अख्खी दुपार आहे" असं समजू नका, हॉटेलवर जाऊन चहा घेईपर्यंत संध्याकाळ होते. सेल्युलर जेल दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा.

मुलुंडकर_मध्या

हे फारच भारी आहे, शंभर-सव्वाशे किलोमीटर! बाबांना सांगितलं तर म्हणाले मग चेन्नईतच एक दिवस राहू, मैलापूरचं देऊळ बघू. म्हणजे आता तिघांचं तिसरं मत.

शेवटचा प्रश्न. तिकिटं सगळी एकत्र काढू की वेगवेगळी? वेगवेगळी स्वस्त पडतायत.

पार्ल्याचा_विमानवेडा

ठाणेकरांचं गणित मान्य, मढ मागे घेतलं 🙏

तिकिटांचं, स्वस्ताईच्या नादी लागू नका, निदान अगत्ती ते चेन्नई एका पीएनआरवर मिळालं तर बघा. वेगवेगळ्या पीएनआरवर पहिली फ्लाइट लेट झाली तर पुढच्या फ्लाइटवाल्याला त्याच्याशी देणंघेणं नसतं, पैसे गेले. आणि अगत्तीची फ्लाइट हवेवर चालते, समोर ढग दाटले तर विमान परत कोचीला वळतं किंवा तिकडून निघतच नाही. चेन्नईत नाहीतरी मुक्काम आहेच, तर पोर्ट ब्लेअरचं तिकीट वेगळं काढलं तरी चालेल, पण मध्ये एक अख्खी रात्र हवी. बाबांचं मैलापूर धरलंत तर अजून उत्तम, तेवढाच हाताशी जास्तीचा वेळ.

कोचीशिवाय बंगळुरूहून आणि गोव्याच्या मोपाहून पण २०२४ पासून अगत्तीला विमानं सुरू झालीत, तुमच्या तारखांना चालू आहेत का ते बघा. मुंबईहून जाताना गोवा सोयीचं, येताना बंगळुरूवरून थेट चेन्नई गाठता येईल. आणि सर्च करताना एक लक्षात ठेवा, सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअर शहराचं नाव श्री विजयपुरम झालंय. काही ॲपवर नवं नाव टाकल्यावर सापडतं, काहींवर जुनंच चालतं. दोन्हीने नाही सापडलं तर एअरपोर्टचा कोड टाका, आयएक्सझेड. अगत्तीचा एजीएक्स.

चाळीतली_मावशी

आणि सामान कमी घे रे. त्या लहान विमानात जास्त बॅगा घेत नाहीत, आमच्या शेजारच्या कुटुंबाला कोचीच्या काउंटरवर बॅग उघडून निम्मं सामान बाहेर काढावं लागलं होतं, त्यात चकल्यांचा डबा. तिथल्या तिथे सगळ्यांना वाटल्या. छान होत्या.

भाऊचा_धक्का

चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला बोट आहे बरं का, तीन दिवस लागतात. मी पहिल्यापासून सांगतोय.